प्रकल्प: विकतचा की घरचा?

मुलांच्या वह्या चाळण्याची आम्हांस जुनी खोड आहे. अडतीस वर्षे शाळेत खडू धरिला. सेवानिवृत्तीनंतरही हात स्वस्थ बसत नाही. घरी कोणी शिकणारे मूल आले की त्याची पिशवी कोठे ठेविली आहे याकडे आमचे लक्ष आधी जाते, ही गोष्ट घरातील सर्व मंडळींस ठाऊक असून तिचा थोडाबहुत उपहासही होत असतो. गेल्या वर्षी गणपतीत आमच्या पुतण्याचा मुलगा, म्हणजे नात्याने आमचा नातूच, चार दिवस घरी आला. तो स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षास होता. आरती आटोपल्यावर आम्ही ओसरीवर त्याची वही उघडली, तो पहिल्याच पानावर मथळा दिसला: ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट’.

खरे सांगावयाचे तर आम्हांस हसू आले. अभियंत्याने लोखंड, सिमेंट, माती, पाणी यांचे गणित शिकावे हे समजते. परंतु कामाची व्यवस्था ही काय विद्यापीठात बसून शिकण्याची वस्तू आहे? आमच्या थोरल्या काकूंनी पाचशे पानांची लग्ने एकही कागद न लिहिता पार पाडिली. कोठीघराची किल्ली कमरेस, आणि सगळा हिशेब डोक्यात. त्यांस कोणी परीक्षेस बसविले नव्हते. तथापि ती वही आम्ही त्या रात्री खाली ठेविली नाही.

वाचकांस आमचा अधिकार किती हे आधीच सांगितलेले बरे. आम्ही १९७४ सालचे, जुन्या अकरावीचे मॅट्रिक. संस्कृत आजोबांपाशी बसून झाले. यंत्रविद्येशी आमचा संबंध सायकलीच्या साखळीपलीकडे गेला नाही. आमचे मानोरा हे तालुक्याचे गाव. १९९८ च्या जुलैपर्यंत अकोला जिल्ह्यात होते, तेव्हापासून वाशीम जिल्ह्यात आहे. येथे आगगाडी नाही. आमच्या लहानपणी या गावातून अभियंता व्हावयाचे म्हणजे दूरचे शहर गाठावे लागे आणि ते एखाद्याच सुदैवी मुलास साधे. १९८३ साली सरकारने खाजगी संस्थांस अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्याची मोकळीक दिली, त्याच वर्षी पुसदला व शेगावला अशी महाविद्यालये निघाली, अमरावतीचे विद्यापीठही त्याच वर्षीचे; आणि ती विद्या एकाएकी एस. टी.च्या एका तिकिटावर आली. सांप्रत आमच्या आळीत अभियंता नसलेले घर शोधावे लागेल. घरोघरी अभियंते झाले, मात्र ते चार वर्षे नेमके काय शिकतात हे घरातील वडील माणसांस ठाऊक असतेच असे नाही. आम्हांस तरी नव्हते.

वहीत ‘प्रोजेक्ट’ या शब्दापुढे नातवाने ‘प्रकल्प’ असा मराठी शब्द लिहिला होता. शब्द पाहिला की धातू शोधावयाचा ही आमची दुसरी खोड. हा शब्द ‘कॢप्’ या धातूपासून आला आहे आणि धातुपाठात त्याचा अर्थ सामर्थ्य असा दिला आहे. कल्पना, संकल्प, विकल्प, प्रकल्प ही सारी एकाच घरची भावंडे. त्यांतील संकल्प तर आपल्या नित्य परिचयाचा. कोणतेही कर्म आरंभिताना यजमान हातात पाणी घेऊन काय सांगतो? काळ कोणता, स्थळ कोणते, गोदावरीच्या कोणत्या तीरी आपण बसलो आहोत, कर्ता कोण, गोत्र काय, हेतू कोणता, आणि कोणते कर्म किती प्रमाणात करणार. हे सांगितल्यावाचून पुढचा विधी नाही. नातवाच्या वहीत पहिल्या प्रकरणात हेच होते: कामाचा हेतू, त्याची मर्यादा, जबाबदार माणूस, स्थळ, मुदत, खर्च. आम्ही त्यास हाक मारून म्हटले, “अरे, हा तर संकल्प!” तो म्हणाला, “आबा, फरक एवढाच की आम्हांला शेवटी उशीर का झाला तेही लिहून द्यावं लागतं.”

अभियांत्रिकीचे शिक्षण आपल्याकडे जुने आहे. पुण्यात १८५४ साली सरकारी बांधकाम खात्यास हाताखालची माणसे मिळावीत म्हणून एक वर्ग काढण्यात आला. त्याचेच पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले आणि २०२२ साली त्यास स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या येथूनच १८८३ साली परीक्षा उतरले. त्यांस पहिल्या नेमणुकींपैकी एक खानदेशात मिळाली. धुळ्याकडे पांझरा नदीच्या पात्राखालून नळ घालून पाणी पलीकडे न्यावयाचे काम होते. पावसाळा आला, पुराने आणि वाळूने काम अडविले. हे काम पावसानंतर करावे की आता, यावर वरिष्ठांशी लिहालिही झाली. शेवटी त्या तरुण अभियंत्याने ते तडीस नेले. पुण्याच्या वर्गात त्यांस नळाचा व्यास काढण्यास शिकविले असेल. परंतु मृगाचा पाऊस आणि सरकारी हुकूम यांची सांगड कशी घालावी हे कोणत्या पुस्तकात होते? ते त्यांस नदीने शिकविले. ही पांझरेची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. आमच्या गोष्टीतही पाऊसच आडवा येणार आहे.

नदीकडून शिकण्याचे हे ज्ञान पुस्तकात आणण्यास आणखी बराच काळ गेला. पोलंडच्या कारोल आदामिएत्स्की या अभियंत्याने १८९६ च्या सुमारास कामांच्या काळाचा तक्ता मांडिला, पण त्याची कीर्ती बाहेर पसरली नाही. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे अमेरिकेत हेन्री गँट याने आडव्या पट्ट्यांचा तक्ता प्रचारात आणिला. त्याचे नाव मात्र त्या तक्त्यास कायमचे चिकटले. पुढे १९५७ साली ड्यू पॉन्ट या रासायनिक कारखानदारांच्या कामासाठी वॉकर व केली या दोघांनी एक नवी रीत बसविली, आणि १९५८ साली अमेरिकेच्या आरमाराने पोलारिस नावाच्या अस्त्राच्या कामी तिच्याच जातीची दुसरी काढिली. पहिलीस ‘क्रिटिकल पाथ’ म्हणतात. आम्ही ‘निर्णायक मार्ग’ असे सुचविले. नातवाने मान डोलाविली, पण उत्तरपत्रिकेत तो इंग्रजी शब्दच लिहिणार हे उघड होते.

ही रीत आम्हांस समजावून देण्यासाठी त्याने त्याच वर्षी वैशाखात घरी झालेल्या मुंजीचे उदाहरण घेतले, आणि तेथे मात्र आमचे हसू थांबले. मुहूर्त ठरल्यापासून चाळीस दिवस हाती होते. पत्रिकेचा मजकूर ठरविण्यास ३ दिवस, छपाईस ६, पत्ते लिहून पत्रिका पोहोचण्यास १८, मंडळींची उत्तरे येऊन पाने किती हे ठरण्यास ८, आणि त्यावरून आचाऱ्याची यादी होऊन किराणा भरण्यास ५. बेरीज ४०. ही कामे एकामागून एकच होऊ शकतात. दुसरीकडे बटूच्या कपड्यांची खरेदी २ दिवस व शिवण १२ दिवस, मिळून १४; म्हणजे त्या कामात २६ दिवसांची सैल आहे. आता आमच्या घरात काय झाले? शिंप्याने दोन दिवस उशीर केला म्हणून त्याच्याकडे रोज माणूस धावत होता, आणि पत्रिकेत निमंत्रक म्हणून कोणाचे नाव कोणाच्या वर असावे या वादात चार दिवस गेले त्याचे कोणास काहीच वाटले नाही. शिंप्याचे दोन दिवस सैलीत जिरून गेले असते. पत्रिकेचे चार दिवस मात्र साखळीच्या पहिल्याच कडीत गेले आणि मुहूर्त काही चार दिवस पुढे सरकणार नव्हता. ते शेवटी आचाऱ्याच्या आणि घरातील बायकांच्या डोक्यावर येऊन पडले. किराणा आदल्या दिवशी रात्री आला. त्या वादात आमचाही वाटा होता, हे येथे कबूल करितो.

थोरल्या काकू कागदावाचून हे कसे जाणत असत, हा प्रश्न उरतोच. आम्हांस वाटते त्या जाणत होत्या. फक्त त्यांचे ज्ञान त्यांच्याबरोबर गेले. कागदावर असते तर ते आमच्या सुनांस मिळाले असते.

मोठ्या कामाचे उदाहरण आमच्या जिल्ह्यातूनच जाते. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव या तालुक्यांतून गेला आहे. एवढे काम एका माणसाच्या डोक्यात मावण्यासारखे नसल्याने त्याचे १६ भाग पाडून ते निरनिराळ्या कंत्राटदारांस देण्यात आले. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा भाग खुला झाला. पुढील ८० किलोमीटर मे २०२३ मध्ये, आणखी २५ किलोमीटर मार्च २०२४ मध्ये. इगतपुरी ते आमणे हे शेवटले ७६ किलोमीटर मात्र जून २०२५ पर्यंत थांबले. वऱ्हाडच्या सपाटीवर शेकडो किलोमीटर धावणारा रस्ता सह्याद्रीत अडला. कसाऱ्याच्या डोंगरात जवळजवळ ८ किलोमीटरचा जुळा बोगदा खणावयाचा होता. लांबी कोठे जास्त आहे हे पाहावयाचे नसते, वेळ कोठे जास्त लागतो ते पाहावयाचे असते, असे नातू म्हणाला. मुलगा बरे शिकला आहे असे आम्हांस त्या वेळी प्रथम वाटले.

एक गंमत सांगतो. कामास किती दिवस लागतील याचा अंदाज करण्याचेही एक सूत्र आहे. सर्व सुरळीत झाल्यास लागणारे दिवस, नेहमी लागणारे दिवस आणि सर्व बिघडल्यास लागणारे दिवस असे तीन आकडे घ्यावे. मधल्यास चारांनी गुणावे. तिन्हींची बेरीज करून सहांनी भागावे. आमच्या गवंड्यास खड्ड्याच्या बांधकामास किती दिवस म्हणून विचारिले. तो म्हणाला, “चार दिवस. लई झालं तं तीन.” आणि बिघडले तर? त्याच्या साळ्याचे लग्न मध्ये आले तर अकरा. तीन, अधिक सोळा, अधिक अकरा म्हणजे तीस. भागिले सहा, पाच दिवस. काम बरोबर पाच दिवसांत झाले. साळ्याचे लग्न झाले नाही, पण रेती एक दिवस उशिरा आली.

हे बांधकाम कशाचे, ते आता सांगावयास हवे. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षी विद्यार्थ्यांनी तीनचारांच्या गटाने एक काम स्वतः हाती घेऊन पुरे करावयाचे, त्याचा अहवाल लिहावयाचा आणि बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर उभे राहून उत्तरे द्यावयाची, असा नियम आहे. पदविकेच्या अभ्यासक्रमातही शेवटच्या वर्षी प्रकल्प असतो. बाकी सर्व विषयांत मुलगा दुसऱ्याने घातलेली उदाहरणे सोडवितो, येथे उदाहरणही त्यानेच घालावयाचे. आमच्या नातवाच्या गटाने आमच्याच वावरातील विहिरीचे पुनर्भरण हा विषय घेतला.

शेतावर पडलेले पाणी उताराने नाल्यास जाऊन मिळते. ते धुऱ्याशी अडवून आधी एका खड्ड्यात घ्यावयाचे, तेथे गाळ खाली बसू द्यावयाचा. मग दुसऱ्या खड्ड्यात खाली मोठे गोटे, त्यावर खडी, त्यावर रेती असे थर घालून त्यातून ते गाळावयाचे आणि तळाशी बसविलेल्या नळीने विहिरीत सोडावयाचे. युक्ती सोपी आणि हिशेब मनोरंजक. एक एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारे ४,००० लिटर पाणी पडले. आमच्या विहिरीचा व्यास ६ मीटर आहे. तीत पाणी एक सेंटिमीटर चढले म्हणजे सुमारे २८३ लिटर भर पडली. मुलांनी आपल्या प्रस्तावात हंगामाला लाखो लिटरांची भाषा लिहिली होती.

पण वेळापत्रक पाहा. महाविद्यालयाचे वर्ष जुलैत सुरू झाले. विषय सुचविणे, तो बदलणे, पुन्हा मांडणे, यात ऑगस्ट संपला. गणपतीत खड्डे खणिले. शेतात सोयाबीन उभे होते, म्हणून खणणारे यंत्र आत नेता येईना. मजुरांनी हातांनी खणिले. सप्टेंबरच्या अखेरीस एक जोराचा पाऊस झाला, आणि आमची काळी माती जी वाहून आली तिने पहिला खड्डा भरून रेतीच्या थरावर चिखलाचे असे लिंपण केले की एक थेंब खाली उतरेना. विहिरीऐवजी सोयाबीनमध्ये पाणी साचले. आमचा पुतण्या स्वतः शेती पाहतो. तो त्या दिवशी काय बोलला हे येथे लिहिता येत नाही.

मुलांनी गाळाचा खड्डा दुप्पट केला, रेती काढून धुतली, वर बारीक खडी घातली. तोवर पाऊस परतीला लागला होता. एकंदर दोन पाऊस हाती लागले. पहिल्याने पाणी ११ सेंटिमीटर चढले, दुसऱ्याने ७. आम्ही आनंदून गेलो; पण नातू शेजारच्या विहिरीचेही माप घेऊन आला होता. तिच्यात काही न करिता अनुक्रमे ४ आणि ३ सेंटिमीटर पाणी आपोआप चढले होते. ते त्याने वजा केले. उरले ७ आणि ४, मिळून ११ सेंटिमीटर. म्हणजे सुमारे ३,१०० लिटर. दोन विहिरींखालचा पाषाण सारखाच असेल असे नाही, तेव्हा हा आकडाही फार पक्का नव्हे, असे त्याने खाली टिपून ठेविले. त्यास ही वजाबाकी करण्यास कोणी सांगितले नव्हते.

दिवाळीत पुतण्याने विषय काढिला. फराळ झाला होता, घरातील सर्व मंडळी माजघरात बसली होती. “तीन हजार लिटर! पाच हजारांचा टँकर अर्धा भरून वर थोडं. हे घेऊन परीक्षकापुढे उभा राहणार?” शहरात एक दुकान आहे, तेथे तयार प्रकल्प मिळतात, अशी त्याची माहिती होती. दुकानाचे नाव सांगण्याचे कारण नाही. अशी दुकाने एका शहरात एकच असतात असेही नाही. याच विषयाची काचेची प्रतिकृती, आत लहान पंप, दिवे, आणि ऐंशी पानांचा छापील अहवाल, सर्व मिळून बारा हजार रुपये. चौघांत वाटले तर प्रत्येकी तीन हजार. आळीतील दोन मुलांनी मागील वर्षी असेच केले आणि त्यांस उत्तम गुण पडले.

वाचकहो, ‘छे! भलतेच!’ असे म्हणून आम्ही ताडकन उठलो असे लिहिण्याचा मोह होतो. पण ते खरे होणार नाही. मुलाच्या शिक्षणासाठी बँकेचे कर्ज काढलेले आहे. गुण कमी पडले तर मुलाखतीसदेखील बोलावीत नाहीत. तीन हजार रुपयांनी ही चिंता मिटत असेल तर बापाने तसा विचार करू नये काय? शिवाय आमचे स्वतःचे हातही कोरे नव्हते. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही कित्येक वेळा रात्री जागून तक्ते रंगविले आणि खाली नाव विद्यार्थ्याचे घातले. शाळेस बक्षीस मिळे, मुलास टाळ्या मिळत, आणि मुलास त्या तक्त्यातील एक ओळ सांगता येत नसे. त्या रात्री आमचे मत डळमळले होते.

आम्ही एवढेच म्हणालो की, प्रकल्प हा संकल्पासारखा आहे, तो ज्याचा त्याने करावा. पुतण्या लगेच म्हणाला, “काका, पूजाही आपण गुरुजींकडूनच करवितो ना? दक्षिणा देतो आणि पुण्य आपल्याला. मग?” माजघरात हशा पिकला. आम्हांस उत्तर सुचले नाही. संस्कृत शिकलेल्या माणसास पुतण्याने संकल्पावरून निरुत्तर करावे ही नामुष्कीच. आमच्या सौभाग्यवतींनी ती पुढे आठ दिवस आम्हांस विसरू दिली नाही.

उत्तर सुचले ते दुसऱ्या दिवशी, आणि तेही नातवाच्या वहीमुळे. अहवालाच्या आरंभी एक दाखला असतो: हे काम अमुक विद्यार्थ्यांनी स्वतः केले आहे, म्हणून, त्याखाली सह्या असतात. गुरुजी पूजा सांगतात तेव्हा यजमान समोर बसलेला असतो आणि गुरुजी सांगत आहेत हे सर्वांस दिसत असते. कोणी कोणास फसवीत नाही. येथे मात्र सांगणारा दुकानात लपलेला, आणि यजमान म्हणतो की मीच सांगितले. आम्ही हे पुतण्यास बोलून दाखविले. तो काही बोलला नाही. पटले असे नव्हे. बहुधा कर्जाचा हप्ता त्याच्या डोळ्यांपुढे होता.

निकाल शेवटी ज्याचा त्याने दिला. नातू म्हणाला, “बाबा, आहे तोच अहवाल देतो. फक्त एक प्रकरण वाढवतो.” ते प्रकरण आम्ही नंतर वाचले. त्याचा विषय: काम उशिरा का झाले. त्याने साऱ्या कामांचे जाळे पुन्हा काढिले होते आणि साखळीच्या आरंभी पाऊस ठेविला होता. पावसाचा दिवस आपल्या हाती नाही. तेव्हा त्याच्या आधीची सर्व कामे मागे मोजीत जावयाचे. मृग लागण्यापूर्वी खड्डे तयार हवेत, म्हणजे मे महिन्यात शेत मोकळे असताना खोदाई. म्हणजे एप्रिलमध्ये साहित्य. म्हणजे विषयाची मंजुरी मार्चमध्ये, जेव्हा हे वर्ष सुरूही झालेले नसते. विद्यापीठाचे वर्ष आणि शेतकऱ्याचे वर्ष एकमेकांस पाठ करून बसलेले आहेत, हे त्या मुलाने कोणावर दोष न ठेविता एका आकृतीत दाखविले होते. तो तक्ता त्याने माजघरातील भिंतीवर कालनिर्णयाशेजारी लाविला होता. दोन्ही शेजारी पाहून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “हेही पंचांगच की.”

अहवाल इंग्रजीत होता, हे आम्हांस थोडे खटकले. ज्या गवंड्याने खड्डा बांधला, ज्या शेजाऱ्याच्या विहिरीत टेप सोडिली, त्यांपैकी एकास तो वाचता येणार नाही. २०२१ सालापासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास वाट करून दिली आहे. ही वाट रुंद व्हावी असे आम्हांस फार वाटते. नातवाचे मत निराळे. नोकरीच्या मुलाखतीत मराठी शब्द कोण विचारतो, असे तो म्हणतो. आमच्या आग्रहाखातर त्याने दोन पानांचा मराठी सारांश मात्र केला, आणि तो शेजाऱ्याने वाचून स्वतःच्या विहिरीसाठी खड्ड्याचे माप विचारिले.

मे महिन्यात परीक्षा झाली. इतर टेबलांवर दिवे लागत होते, पंप चालत होते. या चौघांपुढे गाळाने भरलेल्या रेतीची एक बरणी, दोन तक्ते आणि अहवाल. परीक्षकांनी विचारिले, मापे दोनच का? मुलांनी कारण सांगितले. त्यांनी पावसापासून मागे मोजलेला तो तक्ता बराच वेळ पाहिला आणि एकच प्रश्न केला, “पुन्हा करायचे झाले तर कधी सुरू कराल?” चौघे एकदम म्हणाले, “मार्चमध्ये.” गुण बेताचेच पडले. काचेच्या प्रतिकृतीस अधिक पडले. नोकरीसाठी त्याने दोन ठिकाणी अर्ज धाडिले आहेत. हे लिहीपर्यंत उत्तर नाही.

परीक्षा झाल्यावर विहिरीशी त्याचे काम उरले नव्हते. परंतु जूनमध्ये पहिला मोठा पाऊस रात्री आठाच्या सुमारास आला आणि थांबला, तेव्हा पानावरून उठून तो टेप घेऊन वावराकडे निघाला. आम्हीही छत्री घेऊन मागे गेलो. गाळाचा खड्डा काठोकाठ भरला होता, आणि नळीतून विहिरीत पाणी पडत असल्याचा आवाज अंधारात स्पष्ट येत होता. विहिरीच्या काठावर तो पालथा झोपून टेप खाली सोडीत होता. त्याच्या वडिलांनी बॅटरी धरिली होती. ‘चौदा,’ तो खालून म्हणाला. पुतण्याने भिजलेल्या वहीत आकडा लिहिला आणि बॅटरी फिरवून म्हटले, “चल, आता शेजारची.” ते दोघे धुऱ्यावरून पुढे गेले.